उघड्यावरच्या वॉशिंग मशीनसाठी पक्का आडोसा : मापं, सांधे आणि हवा

पाऊस मशीनवर पडू नये एवढंच काम असतं, तर एक ताडपत्री पुरली असती. पण ताडपत्रीखालची मशीनं बहुतेक वेळा मरतात ती कोंडलेल्या वाफेने. धुणं संपल्यावर ड्रममध्ये, दाराच्या रबराच्या घडीत आणि साबणाच्या खणात थोडं पाणी उरतंच. दिवसा ते तापून वाफ होतं, रात्री वरचं आवरण गार पडलं की त्याला आतून थेंब धरतात, आणि हे थेंब कंट्रोल पॅनेलच्या मागच्या सर्किट बोर्डापर्यंत पोचतात. बाहेरून मशीन कोरडं ठणठणीत दिसतं आणि एके दिवशी बटणं दाबली तरी हूं की चूं करत नाही.

तेव्हा आडोशाकडून दोन कामं हवीत : पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि हवा आत-बाहेर खेळू द्यायची. पाणी अडवायला घातलेली प्रत्येक गोष्ट हवाही अडवते, हीच यातली खरी अडचण. खालची मापं आणि जोडण्या त्या हिशेबाने दिल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. घरगुती वॉशिंग मशीनं घरात ठेवण्यासाठी बनवलेली असतात आणि बहुतेकांच्या मॅन्युअलमध्ये ती उघड्यावर बसवू नका असं लिहिलेलं असतं. आडोसा कितीही चांगला बांधला तरी वॉरंटीत ते बसेलच असं नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर त्या पानावरची अट आधी वाचा.

जागा निवडताना

घराच्या भिंतीला लागून, वळचणीखाली किंवा वरच्या बाल्कनीखाली जागा मिळाली तर अर्धं काम तिथेच झालं. तिरक्या पावसाची झड कोणत्या बाजूने येते ते भिंतीवरच दिसतं : त्या बाजूचा रंग लवकर उडालेला असतो, खाली शेवाळाचा पट्टा असतो. दार आणि हवेच्या झडपा त्या दिशेला ठेवू नका. दुपारचं ऊनही टाळा. उन्हाने प्लास्टिकचं पॅनेल पिवळं पडून कडक होतं आणि पाइप तडकतात. शिवाय बंद आडोशातलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर चढतं.

गच्चीवर बसवणार असाल तर स्लॅबला भोक पाडून खांब ठोकू नका. अँकर बोल्ट वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार जातो आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येते. तिथे सांगाडा पॅरापेट (गच्चीचा कठडा) किंवा खोलीच्या उभ्या भिंतीला धरून बांधायचा.

मापं

मशीन दुकानात असतानाच मापं घेऊन आडोसा बांधायला काढला तर चूक होते, कारण माहितीपत्रकातल्या खोलीच्या मापात मागचा पाइप आणि पुढचा दाराचा फुगवटा बहुधा धरलेला नसतो. टेप लावून स्वतः मोजा.

६० सेंटीमीटर रुंद, ६० खोल आणि ८५ उंच अशा फ्रंट लोड मशीनचा हिशेब असा. नळाच्या बाजूला १५ सेंमी, दुसऱ्या बाजूला १०, म्हणजे आतली रुंदी ८५. मागे पाइप न चेपता वळायला १५, पुढे दाराच्या फुगवट्याला १०, म्हणजे आतली खोलीही ८५. उंचीत १५ सेंमीचा चौथरा, ८५ मशीन आणि वर २० मोकळी जागा धरली की पुढच्या बाजूला १२० होतात. छताला उतार हवा म्हणून मागे १३०. मशीनचं दार उघडून कपडे काढायला आडोशासमोर किमान ९० सेंमी मोकळी जागा लागते. टोपलीसकट बसून बघितलं की ती पुरते की नाही ते कळतं.

टॉप लोडचं गणित वेगळं आहे. झाकण उभं राहिलं की मशीनची उंची १३० ते १४० सेंमीपर्यंत जाते, शिवाय चौथरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रमच्या तळाचे कपडे काढताना माणूस वाकतो आणि १५० सेंमीवर आलेली छताची कड बरोबर कपाळावर बसते. छप्पर बिजागरीवर उचलायचं करून ही अडचण सोडवतात, पण त्या बिजागरीचा सांधा दोन पावसाळे धड टिकत नाही. टॉप लोडला सरळ १९० ते २०० सेंमी उंच, कपाटासारखा आडोसा करावा. साहित्य जास्त लागतं, पण डोकं आणि सांधा दोन्ही वाचतात.

चौथरा

जमिनीवर आपटलेला पावसाचा थेंब २०-३० सेंमी वर उडतो. मशीनचा तळ मात्र बहुधा उघडा किंवा अर्धवट झाकलेला असतो, आणि पंप, मोटर, वायरिंग सगळं तिथेच असतं. म्हणून चौथरा १५ सेंमीहून कमी नको. पाणी साचणारी जागा असेल तर साचण्याच्या खुणेपेक्षा १० सेंमी वर घ्या.

वर मापं दिलेल्या फ्रंट लोड मशीनसाठी ७५ × ७० सेंमीचा, १५ सेंमी जाडीचा काँक्रीटचा चौथरा पुरतो. १ : १½ : ३ या प्रमाणाने त्याला सुमारे ३२ किलो सिमेंट, ३३ लिटर वाळू आणि २० मिमीची ६६ लिटर खडी लागते. खालची भुसभुशीत माती काढून विटांच्या तुकड्यांचं किंवा दगडाचं १० सेंमी सोलिंग (तळाचा थर) ठोकून घ्या. मध्यावर ८ मिमी सळीची १५ सेंमी चौकटीची जाळी टाका. फ्रंट लोड मशीन ६० ते ७५ किलोचं असतं आणि मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्यांनी पिळताना ते वजन थरथरतं, त्यामुळे नुसता विटांचा ढीग वर्षभरात हलतो. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, त्याआधी मशीन चढवू नका.

माथा पाणसळीत हवा. पाणी वाहून जावं म्हणून चौथऱ्यालाच उतार देतात, ते चुकीचं. उतार सभोवतालच्या फरशीला द्या, मीटरला एक-दीड सेंमी, मोरीच्या दिशेने. चौथऱ्याच्या कडा करणीने गोल करा.

सांगाड्याचे पाय या चौथऱ्यावर उभे करू नका. चौथरा आणि सांगाडा यांत निदान दोन सेंमीची फट ठेवा. दोन्ही एकत्र बांधले की पिळताना सगळा पत्रा डफासारखा वाजतो आणि स्क्रू हळूहळू सैल होऊन त्यांच्या भोकांतून पाणी शिरू लागतं. चाकांची लोखंडी स्टँडं घरात चालून जातात. बाहेर त्यांची चाकं गंजून अडकतात, मग मशीन पिळताना तिरकं सरकत जातं.

नळ आणि निचरा

मशीनच्या पाइपाला पाऊण इंची आट्याची तोटी लागते. ती मशीनच्या पाठीमागे न घेता बाजूच्या भिंतीवर, हात सहज पोचेल अशी घ्या. धुणं झालं की रोज ती बंद करायची आहे, कारण बाहेर पाइप फुटला तर घरात कुणाला कळत नाही. टाकीचं पाणी असेल तर दाब तपासा. मॅन्युअलमध्ये किमान दाब दिलेला असतो. बऱ्याच मशीनांना तो ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार मिळतो, म्हणजे टाकीचा तळ मशीनच्या व्हॉल्व्हपासून तीन मीटरच वर असेल तर जेमतेम ०.३ बार येणार, आणि मधल्या वळणांत त्यातलाही थोडा जाणार. मशीन पाणी भरायला खूप वेळ घेऊन मध्येच चूक दाखवून थांबत असेल तर आधी हा हिशेब करा, मग व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी साफ करा. तंत्रज्ञ त्यानंतर.

उघड्यावरचा सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतो. सावलीतून न्या, नाहीतर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या. थिनरचा तैलरंग सीपीव्हीसीला लावू नये, त्यातलं द्रावण प्लास्टिकला कमजोर करतं.

सांडपाण्यासाठी ४० किंवा ५० मिमीचा उभा पाइप, त्याचं तोंड मशीनच्या पायापासून ६० ते ९० सेंमी वर. इथे घोटाळा होतो तो असा की प्लंबर जमिनीपासून मोजतो आणि मशीन तर १५ सेंमीच्या चौथऱ्यावर असतं. माप पायापासूनच धरायचं. तोंड फार खाली राहिलं तर भरता भरताच पाणी ओढलं जाऊन वाहत राहतं. मशीनचा पाइप या उभ्या पाइपात १५ सेंमी आत सोडा, पण भोवती टेप किंवा सिलिकॉन भरून तोंड बंद करू नका, कारण हवा न मिळाल्यानेही तसंच ओढलं जातं. पाइपाखाली पी ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं वळण), त्यात ५० मिमी पाणी उभं राहिलं की वास आणि झुरळं दोन्ही अडतात. महिनाभर मशीन बंद राहणार असेल तर ट्रॅप सुकतो. परत आल्यावर एक तांब्या पाणी ओता. पुढे आडव्या पाइपाला ४० ला १ उतार. साबणाचं पाणी पावसाच्या पन्हळीच्या लाइनीत सोडू नका, ते सांडपाण्याच्या लाइनीतच जायला हवं.

जिथे थंडीत पारा शून्याखाली जातो तिथे आणखी एक नियम : प्रत्येक धुण्यानंतर तोटी बंद करून पाइप सोडवायचा आणि पुढच्या फिल्टरजवळची छोटी नळी उघडून पंपातलं पाणी काढायचं. पाणी गोठलं की फुगतं आणि पंपाचं प्लास्टिकचं घर फुटतं.

वीज

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तरी त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत हवं. ओलं अंग, ओली जमीन आणि पत्र्याचं मशीन एकत्र आलं की गळकी वीज जीव घेते.

गरम पाण्याचा हीटर असलेलं मशीन साधारण २००० वॅट ओढतं, २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी : २.५ चौरस मिमी तांब्याची तीन तारांची केबल, १६ अँपिअरची एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). अर्थिंग आहे असं समजू नका, मोजून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड कोणत्याही परिस्थितीत नको.

सॉकेट आयपी ६५ दर्जाच्या, झाकणाच्या पेटीत. या आकड्यातला पहिला ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद, दुसरा ५ म्हणजे कोणत्याही दिशेने मारलेल्या पाण्याच्या धारेला दाद न देणारी. मात्र हा दर्जा झाकण बंद असतानाचा. बाजारातल्या पुष्कळ पेट्यांत १६ अँपिअरची जाड पिन बसवली की झाकण अर्धा इंच उघडं राहतं, मग ६५ काय आणि २० काय. पेटी घेताना मशीनच्या पिनेएवढी पिन सोबत नेऊन झाकण लावून बघा.

पेटी जमिनीपासून १२० सेंमीच्या वर, तोटीच्या विरुद्ध बाजूला लावा. फ्रंट लोडच्या आडोशात आतली उंची पुढे १२०च असते, तेव्हा पेटी मागच्या उंच बाजूला किंवा आडोशाबाहेर वळचणीखाली घ्यावी लागते. केबल पेटीत खालूनच शिरली पाहिजे, ग्लँड (केबलला भोकात घट्ट धरणारी चूड) आवळून. वरून शिरलेल्या केबलच्या अंगावरून पाणी थेट आत उतरतं. मशीनची वायरही पेटीकडे जाताना आधी थोडी खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब त्या लोंबत्या टोकाशी गळून पडतो.

सांगाडा आणि भिंती

४० × ४० मिमीची, २ मिमी जाडीची गॅल्व्हनाइझ्ड चौकोनी नळी या आकाराला भरपूर होते. वेल्डिंगच्या टाक्यावर जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक टाका घासून झिंक प्रायमर, मग रंग. नळ्यांची उघडी तोंडं टोप्यांनी बंद करा. खाऱ्या वाऱ्याच्या भागात मात्र अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि ३१६ स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत. ३०४ लाही तिथे तांबूस डाग पडतात. मागचे दोन खांब भिंतीला एम १० च्या अँकरने, प्रत्येकी तीन ठिकाणी. विटांच्या सांध्यात अँकर धरत नाही, विटेच्या किंवा काँक्रीटच्या अंगात घ्या.

भिंतींसाठी ८ मिमी फायबर सिमेंट बोर्ड आमच्या पसंतीचा. कुजत नाही, वाळवी लागत नाही, उन्हाने वाकत नाही. फक्त कापलेल्या कडांना रंग लावायचा आणि भोकं स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठी पाडायची, नाहीतर कोपरा तडकतो. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला) बोर्ड दिसायला छान, पण भर उन्हात फुगतो. सांध्याला ३-४ मिमी मोकळी जागा द्यावीच लागते. प्लाय वापरायचाच तर उकळत्या पाण्याला टिकणारा दर्जा घ्या, आणि चारही कडा इपॉक्सीने बंद करा, कारण प्लाय पाणी पितो ते कडेतून. पारदर्शक पॉलिकार्बोनेट नको. उजेड येतो म्हणून लोक लावतात आणि आतल्या मशीनची भट्टी होते.

कोणताही बोर्ड जमिनीला टेकवू नका. खाली ५ सेंमीची फट सोडून तिथे जाळी.

सांधे भरायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. नळीचं तोंड उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक सिलिकॉन. ते जस्ताच्या पत्र्याला गंजवतं आणि सिमेंटला धड चिकटत नाही. ओल्या किंवा धुळीच्या कडेवर कोणतंच सीलंट टिकत नाही. आधी ब्रश, मग कोरडं फडकं, मग नळी.

छप्पर

मागून पुढे १० सेंमी उतार वर धरलाच आहे. पुढे २० सेंमी आणि बाजूंना १० सेंमी पत्रा बाहेर काढा, आणि त्याची कड खाली दुमडून घ्या, नाहीतर पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून उलट आत सरकतं. पुढच्या कडेला छोटी पन्हळ लावली तर मशीनपाशी उभ्या माणसाच्या मानेवर पागोळ्या पडत नाहीत. फ्रंट लोडच्या बुटक्या आडोशात खाली बसून उठताना ही कड डोक्याला लागते, तिच्यावर रबरी पट्टी चढवा.

पत्रा आणि घराची भिंत यांचा सांधा हा सगळ्या आडोशातला सर्वांत लबाड सांधा. नुसती सिलिकॉनची रेघ ओढून भागत नाही. भिंत आणि पत्रा ऊनपावसात वेगवेगळे फुगतात-आकसतात आणि ती रेघ पहिल्याच वर्षी सुटते. भिंतीच्या प्लॅस्टरमध्ये ग्राइंडरने १५ मिमी खोल खाच मारा, त्यात पत्र्याच्या पट्टीची वरची दुमड घुसवा, पट्टी भिंतीवरून १० सेंमी खाली येऊन छतावर पसरू द्या आणि खाच पीयू सीलंटने भरा. आता सीलंट सुटलं तरी पाणी पट्टीवरूनच पुढे जातं.

पन्हाळी पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खळग्यात नाही. ईपीडीएम रबराची वॉशर घट्ट बसेल इतकंच आवळा. रबर बाहेर फुगून आलं की जास्त झालं. तो स्क्रू पुढच्या वर्षी गळणार.

पत्र्याखाली ८ ते १० मिमीचा, एका बाजूला चांदीसारखा कागद असलेला फोम चिकटवा. परवडत असेल तर ३० मिमीचं पफ पॅनेलच (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) छत म्हणून टाका. उघड्या पत्र्याच्या पोटाला रात्री दव धरतं. छप्पर कुठेच गळत नाही, पाऊसही नाही, तरी सकाळी मशीनच्या माथ्यावर थेंबांची रांग दिसते ती याचीच. तिच्यापायी पुष्कळ लोक छतावर सीलंटच्या नळ्यामागून नळ्या रिकाम्या करतात.

हवा

एका बाजूच्या भिंतीला खाली आणि समोरच्या भिंतीला वर, अशा दोन लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या) झडपा. प्रत्येकी ३० × १५ सेंमी. पट्ट्यांमुळे त्यातली प्रत्यक्ष मोकळी जागा निम्मीच राहते, म्हणजे सव्वादोनशे चौरस सेंमीच्या आसपास, आणि एवढी हवीच. वरची झडप छताच्या लगेच खाली, कारण ऊन हवा तिथे साठते. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, ४५ अंशांत. झड येणाऱ्या बाजूला झडप टाळता येत नसेल तर तिच्यावर बाहेरून पत्र्याचं नाक बसवा.

आतून स्टेनलेसची जाळी, भोक २ मिमीपेक्षा मोठं नको. उंदीर वायरी कुरतडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पालीचं तेवढं लक्षात येत नाही : ती उबेसाठी सर्किट बोर्डावर जाऊन बसते आणि दोन टोकांना एकदम अंग लागलं की बोर्ड आणि पाल दोन्ही जातात. पाइप-केबलच्या भोकांत स्टेनलेसचा तारेचा घासणी-चोथा दाबून वरून सीलंट भरा. नुसतं सीलंट उंदीर खाऊन टाकतो.

ड्रायर असलेलं मशीन असेल तर झडपांचं क्षेत्र दुप्पट करा आणि मशीन चालू असताना आडोशाचं दार उघडंच ठेवा.

दार

दोन पल्ले बरे. एक मोठा पल्ला वाऱ्यात आपटतो. पल्ल्यांच्या मधल्या फटीवर बाहेरून ३० मिमीची पट्टी, चौकटीला डी आकाराचा ईपीडीएम गॅस्केट तीन बाजूंना. खालची बाजू मोकळी सोडायची, आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. बिजागऱ्या स्टेनलेसच्या, प्रत्येक पल्ल्याला तीन. कोयंडा मुलांच्या हाताला न येईल इतका वर लावा आणि कुलूप घाला; फ्रंट लोडच्या ड्रममध्ये लहान मूल मावतं.

चाचणी

मशीन आत ढकलण्याआधी चौथऱ्यावर आणि भिंतींच्या कडेने कोरडी वर्तमानपत्रं पसरा, दार लावा आणि बागेच्या नळीने पाणी मारा. सुरुवात खालून करा : आधी तळाची फट, मग दार, मग झडपा, शेवटी छप्पर आणि भिंतीचा सांधा. प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटं, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दार उघडून कागद बघायचा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणता सांधा गळला ते सांगता येत नाही.

मग मशीन. ड्रम धरून ठेवणारे मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत ना, ते बघा आणि जपून ठेवा, घर बदलताना लागतात. पायांखाली १० ते १५ मिमी जाड रबरी पॅड, माथ्यावर पाणसळ आडवी-उभी दोन्ही, आणि पातळी जमली की पायांची चाकी (नट) वर आवळून पक्की. चौथऱ्यावर प्रत्येक पायाभोवती पेन्सिलीने गोल काढा. तीन-चार धुण्यांनंतर पाय गोलातून सरकलेला दिसला तर पातळी चुकली आहे किंवा एक पाय अधांतरी आहे. कोपरे आळीपाळीने दाबून बघा, डुलणारा पाय लगेच सापडतो.

पुढे लक्ष कुठे ठेवायचं

स्क्रूच्या खाली बोर्डावर तपकिरी ओघळ उतरला असेल तर तोच स्क्रू गळतो आहे. काढा, नवी वॉशर घालून बसवा. डिस्प्लेच्या काचेमागे धुकं दिसलं तर झडपेची जाळी धूळ आणि धाग्यांनी बुजली असण्याची शक्यता जास्त. ती दर तीन महिन्यांनी ब्रशने झाडा. दाराच्या रबरावर काळे ठिपके येत असतील तर धुण्यानंतर मशीनचं दार आणि साबणाचा खण तासभर उघडे ठेवले जात नाहीत.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर ती बदलेपर्यंत मशीन वापरू नका. पावसातच आरसीसीबी पडत असेल तर पेटीत ओल आहे. कोरड्या दिवशी, पाणी तापायला लागल्यावर पडत असेल तर बहुतेक हीटरची कॉइल गळते आहे. दोन्ही वेळी ती आपलं काम करते आहे, तिला वगळून थेट जोडणी करून देणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवा.

पाणी भरणारा पाइप दर पाच वर्षांनी बदला, उन्हात राहत असेल तर आणखी लवकर. आणि पावसाळ्याच्या पंधरा दिवस आधी भिंतीच्या खाचेतलं सीलंट नखाने दाबून बघा. कडक होऊन सुटलं असेल तर कटरने मुळापासून काढा, खाच घासून सुकवा आणि नवीन भरा. जुन्यावरच नवा थर ओढला तर तो जुन्यासकटच निघून येतो.